'पान पांढरं पडतं': एका तक्रारीत दडलेले तीन बिघाड

पार्श्वभूमी

एका ग्रंथसंग्रहात जुन्या छापील पुस्तकांची सूची संगणकावर उतरवण्याचे काम चालते. एकूण २२ संगणक, प्रत्येकावर ६४-बिट विंडोज आणि ८ जीबी रॅम. सूचीचे सॉफ्टवेअर वेबवर चालणारे असून ते संस्थेच्याच सर्व्हरवर आहे. नोंदणीकार ते ज्या ब्राउझरमध्ये उघडतात तो मात्र फारसा कोणाच्या वापरातला नाही. फायरफॉक्सच्या जुन्या गेको इंजिनापासून (पाने वाचून पडद्यावर मांडणाऱ्या गाभ्यापासून) फुटलेली आणि मोजक्या स्वयंसेवकांनी जगवलेली ती एक शाखा आहे. येथे त्याला 'जुना ब्राउझर' एवढेच म्हणू.

हा ब्राउझर हौसेने ठेवलेला नव्हता. नोंदणीचे काम जवळजवळ सगळे कीबोर्डवर होते आणि लेखक, प्रकाशनवर्ष, विषय-शीर्षक असे रकाने एकेका कळजोडीने भरणारे, एक्सयूएल या फायरफॉक्सच्या जुन्या पद्धतीचे एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) तिथे वर्षानुवर्षे चालत आले होते. फायरफॉक्सने ५७व्या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये, अशा एक्स्टेन्शनांचा आधार काढून घेतला. दुसरे कारण लहान, पण चिवट. पुस्तकांच्या कण्यावर चिकटवायची लेबले छापणारे दोन संगणक एनपीएपीआय या जुन्या पद्धतीच्या प्लगइनवर (ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या प्रोग्रामवर) अवलंबून होते. क्रोमने असे प्लगइन २०१५ मध्ये पूर्णपणे बंद केले, आणि फायरफॉक्सनेही मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकीचे बंद केले.

जुन्या ब्राउझरची एक गोष्ट पुढे सतत लागेल म्हणून इथेच सांगतो. तो एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकच प्रोग्राम म्हणून, चालतो. खिडकी, मेनू आणि सगळे टॅब यांचा मुख्य धागा, म्हणजे कामे एकामागून एक उरकणारी रांग, एकच. एक टॅब अडला की सगळेच अडते, आणि एक पडला की सगळेच पडते.

अडचण

सूचीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढल्यानंतर तक्रारी वाढल्या. तक्रारींची भाषा साधारण अशी होती: 'ब्राउझर अडकतो', 'पान पांढरं पडतं', 'अचानक बंद होतो आणि लिहिलेलं जातं'. तंत्र विभागाच्या यादीत या सगळ्यांवर 'ब्राउझर अस्थिर' असा एकच शेरा पडला. पुढचे तीन आठवडे वाया जाण्याचे मूळ या एका शेऱ्यात होते.

मोठ्या ब्राउझरांमध्ये क्रॅशचे अहवाल आपोआप गोळा होतात, त्यांचे गट पडतात आणि कोणता दोष किती जणांना छळतो हे निर्मात्यांना दिसते. या शाखेच्या बांधणीत क्रॅश-अहवाल पाठवणारा भागच नव्हता. त्यामुळे वर्गवारी करायची तर ती जागेवर, हाताने करणे भाग होते. हे लक्षात यायला वेळ लागला.

पहिले तीन आठवडे

पहिला उपाय नेहमीचाच झाला, म्हणजे प्रोफाइल (ब्राउझरची सेटिंगे आणि साठवलेली माहिती ठेवणारे फोल्डर) पुसून नवे करणे. सर्वाधिक तक्रारी असलेल्या सहा संगणकांवर तो केला आणि दोन दिवस तिथे शांतता होती. तिसऱ्या दिवशी अडकणे परतले, पण सहापैकी तीन संगणकांवर पांढरे पान मात्र पुन्हा दिसले नाही. निष्कर्ष निघाला की प्रोफाइल 'खराब होतात', दर आठवड्याला पुसत जा. निरीक्षण बरोबर होते, अर्थ चुकीचा लावला गेला. त्याहून मोठे नुकसान म्हणजे जुन्या प्रोफाइलची प्रत कोणी ठेवली नव्हती. सहा संगणकांवरचा पुरावा आपल्याच हातांनी पुसला गेला.

दुसरा संशय एक्स्टेन्शनांवर गेला. एकूण अकरा होती. निम्मी बंद करून पाहायची, दोष राहिला तर उरलेल्यांतली निम्मी बंद करायची, अशा चार फेऱ्यांत दोषी सापडायला हवा. चार फेऱ्यांनंतर कोणीच सापडले नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे सगळी एक्स्टेन्शने बंद असतानाही, अडकणे तसेच राहिले. ही फेरी मात्र फुकट गेली नाही, कारण अडकण्यापुरते तरी एक्स्टेन्शन निर्दोष ठरले.

नोंदवही

चौथ्या आठवड्यात प्रत्येक संगणकापाशी एक कागद ठेवला गेला. चार रकाने: वेळ, नेमके काय दिसले, त्या क्षणी काय चालले होते, आणि आपोआप सावरले की नाही. 'नेमके काय दिसले' या रकान्यावर एकच अट होती. 'अडकला' किंवा 'बिघडला' लिहायचे नाही, डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे.

त्याच्या जोडीला विंडोजची इव्हेंट व्ह्यूअरची नोंद वाचायला घेतली. तिथे अ‍ॅप्लिकेशन विभागात प्रोग्राम कोसळला की १००० क्रमांकाची नोंद पडते. हँग झालेली खिडकी वापरणाऱ्याने जबरदस्तीने बंद केली की १००२ पडते. तक्रारीत दोन्ही 'बंद पडला' असेच लिहिले जाते, इथे त्यांची फारकत होते. क्रॅशच्या वेळची स्मृती जपण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) विंडोज एरर रिपोर्टिंगखाली 'लोकलडम्प्स' हे सेटिंगही चालू केले.

दोन आठवड्यांनी कागद एकत्र मांडले, तेव्हा पहिला धक्का 'पांढरं' या शब्दाने दिला. तो ४१ वेळा आला होता. त्यातल्या २३ नोंदींत अख्खे पान पांढरे होते आणि त्या सगळ्या चारच संगणकांवरच्या होत्या, त्याही फक्त 'खंड-शोध' हे पान उघडताना. उरलेल्या १८ नोंदी कुठल्याही संगणकावरच्या होत्या. त्यात पान नीट दिसत होते, फक्त मुखपृष्ठाच्या स्कॅनची चौकट कोरी राहिली होती. त्या १८ पैकी १५ वेळा अर्ध्या तासाच्या आत त्याच संगणकावर ब्राउझर कोसळल्याची नोंद होती.

म्हणजे शब्द एकच असला, तरी ते दोन वेगळे आजार होते. तिसरा 'अडकला'च्या जागी लिहिलेल्या वर्णनांतून बाहेर आला.

पहिला दोष: अडकणे

एका नोंदणीकाराने लिहिले होते: 'अक्षरं उमटत नाहीत, दोन-तीन सेकंदांनी सगळी एकदम येतात. वाचत बसलं की काही होत नाही, लिहायला घेतलं की होतं.' याहून चांगले निदान तंत्रज्ञालाही लिहिता आले नसते. कळा हरवत नव्हत्या, रांगेत थांबत होत्या. म्हणजे मुख्य धागा थोडा वेळ दुसऱ्या कामात गुंतत होता, आणि ते काम फक्त काही बदलले की होत होते. घड्याळ लावून पाहिले तर दोन अडकण्यांमधले अंतर साधारण पंधरा सेकंद भरले.

गेको घराण्यात पंधरा सेकंद म्हटले की सेशनस्टोअर आठवावे. उघडे टॅब, त्यांचा इतिहास आणि अर्धवट भरलेले फॉर्म जपून ठेवणारी ही सोय आहे. काही बदल झाला असेल तर ती दर १५,००० मिलिसेकंदांनी सगळी स्थिती एकत्र करून फाइलमध्ये लिहिते. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'सेशनस्टोअर.जेएस' फाइल पाहिली तर तिचा आकार ३० एमबीच्या आसपास होता. एरवी ती काहीशे केबीची असते. फाइल डिस्कवर लिहिण्याचे काम बाजूला चालते, पण एवढ्या मजकुराची जेसॉन या साठवणीच्या स्वरूपातली एकच ओळ बांधण्याचे काम मुख्य धाग्यावर होते, आणि अक्षरे तिथे थांबत होती.

फाइल फुगली कशामुळे? सूचीच्या नव्या आवृत्तीत नोंदीचा मसुदा टॅबच्या सेशन-स्टोरेजमध्ये (टॅब उघडा असेपर्यंत माहिती ठेवण्याच्या जागेत) ठेवायला सुरुवात झाली होती. मसुद्यात मुखपृष्ठाचे सव्वा एमबीचे छोटे चित्रही होते, तेही बेस-६४, म्हणजे चित्राचे बाइट अक्षरांत लिहिलेल्या, मजकुराच्या रूपात. बेस-६४ मुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे दर टॅबमागे सुमारे १.७ एमबी. हा ब्राउझर सेशन-स्टोरेजही आपल्या फाइलमध्ये उतरवतो. शंकेच्या नोंदी वेगळ्या टॅबमध्ये उघड्या ठेवायची पद्धत असल्याने आठेक टॅब उघडे असत. शिवाय 'बंद केलेला टॅब परत आणा' या सोयीसाठी शेवटचे दहा बंद टॅबही जपले जात. अठरा गुणिले १.७ केले की हिशेब जुळतो. नवे प्रोफाइल दोन दिवस का चालले, तेही उलगडले. फाइल रिकामी होती आणि फुगायला तेवढा वेळ लागत होता.

दुसरा दोष: कोसळणे

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या १००० क्रमांकाच्या नोंदींत अपवादाचा संकेतांक बहुतेक वेळा शेवटी ८००००००३ असा होता. हा 'ब्रेकपॉइंट' आहे. प्रोग्रामने चुकीच्या पत्त्यावर हात घातला असता, तर ओळखीचा ०००५ वर संपणारा संकेतांक दिसला असता. गेकोच्या विंडोज आवृत्तीत ब्रेकपॉइंटचा अर्थ बहुधा असा की ब्राउझरने स्वतःच हात टेकले, आणि त्यामागे मेमरी न मिळणे हे नेहमीचे कारण असते.

पण ८ जीबीपैकी अर्धी रॅम मोकळी दिसत होती. इथे टास्क मॅनेजरमधल्या प्रोग्रामच्या नावापुढच्या कंसाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते: '३२ बिट'. लेबल छापणारे प्लगइन ३२-बिटच असल्यामुळे त्या दोन संगणकांसाठी ३२-बिट ब्राउझर आणला होता आणि तोच इन्स्टॉलर सगळीकडे फिरला. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ जीबी अ‍ॅड्रेस स्पेस (मेमरीचे पत्ते द्यायची जागा) मिळते, रॅम कितीही असो.

'अबाउट:मेमरी' या पानावर मोजमाप घेतले की 'व्हीसाइझ' आणि 'व्हीसाइझ-मॅक्स-कंटिग्युअस' असे दोन आकडे दिसतात. पहिला एकूण वापरलेली अ‍ॅड्रेस स्पेस सांगतो, दुसरा सलग मोकळा असलेला सर्वांत मोठा तुकडा. खरी गोम दुसऱ्यात. २४०० बाय ३२०० पिक्सेलचे चित्र पडद्यावर उलगडायला प्रत्येक पिक्सेलमागे चार बाइट लागतात, म्हणजे सुमारे ३० एमबी, तेही सलग. दुपारी तीनच्या सुमारास हा आकडा ३० एमबीच्या खाली घसरत होता. चित्राला जागा मिळाली नाही तर ब्राउझर चित्र सोडून देतो, चौकट कोरी राहते, काम चालू राहते. थोड्या वेळाने इंजिनाच्या मेमरी-वाटपाला लागणारा १ एमबीचा सलग तुकडाही मिळेनासा होतो. ती मागणी मात्र सोडून देता येत नाही, आणि ब्राउझर कोसळतो. १८ पैकी १५ वेळा कोऱ्या चौकटीमागून क्रॅश का आला, याचे उत्तर हे.

जागा खात होते मूळ स्कॅन. प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि शीर्षकपान पीएनजी रूपात येई, एकेक साधारण ११ एमबी. पान ते ब्लॉब-यूआरएल करून (मेमरीतल्या फाइलला तात्पुरता पत्ता देऊन) दाखवत असे आणि काम झाल्यावर 'रिव्होक-ऑब्जेक्ट-यूआरएल' हाक मारायला विसरत असे. अशी हाक दिली नाही तर पान बंद होईपर्यंत ब्लॉब जिवंत राहतो. नोंदणीचा मुख्य टॅब सकाळी उघडून संध्याकाळी बंद होई. नोंदीमागे २२ एमबी आणि दिवसाला शंभरावर नोंदी, म्हणजे दोन जीबीच्या वर नुसता गाळ. दोन नोंदणीकारांच्या कागदावर क्रॅशची एकही नोंद नव्हती. दोघेही जेवणाच्या सुट्टीत ब्राउझर बंद करून जाणारे निघाले.

तिसरा दोष: अख्खे पांढरे पान

हा सर्वांत सोपा होता आणि घरचाच होता. सर्व्हर ब्राउझरचे यूजर-एजंट (ब्राउझरने सर्व्हरला सांगितलेली आपली ओळख) वाचून दोन प्रकारची जावास्क्रिप्ट देत असे, जुन्यांना जुन्या व्याकरणाची आणि नव्यांना नव्या. वर्षभरापूर्वी बाहेरचे एखादे संकेतस्थळ 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून अडवत होते, तेव्हा सात संगणकांवर कोणीतरी यूजर-एजंट बदलून नव्या फायरफॉक्सचे सोंग घेतले होते, तेही सगळ्या संकेतस्थळांसाठी. नव्या आवृत्तीत 'खंड-शोध'च्या फाइलमध्ये '?.' हे चिन्ह आले. फायरफॉक्सला ते ७४व्या आणि क्रोमला ८०व्या आवृत्तीपासून, दोन्ही २०२० च्या सुरुवातीला, समजू लागले. या शाखेच्या बसवलेल्या आवृत्तीला ते समजत नव्हते.

न समजलेली सीएसएसची ओळ ब्राउझर वगळतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्टचे तसे नाही. व्याकरणाची एक चूक सापडली की अख्खी फाइल नाकारली जाते, तिच्यातली एकही ओळ चालत नाही. पॉलिफिलने, म्हणजे पूरक कोडने, न असलेली फंक्शने पुरवता येतात, न समजणारे व्याकरण पुरवता येत नाही. म्हणून पान तुटके दिसण्याऐवजी सपाट पांढरे दिसत होते. प्रोफाइल पुसलेल्या सहा संगणकांपैकी तिघांवर हे सोंग होते. ते प्रोफाइलबरोबर पुसले गेले आणि तिथले पान आपोआप 'बरे' झाले. सातांतून तीन गेले, चार उरले.

समोर असलेले पर्याय

एक: सगळ्यांना चालू मोठ्या ब्राउझरवर नेणे. तिन्ही त्रास एका फटक्यात कमी झाले असते. पण एक्स्टेन्शन वेबएक्स्टेन्शन या आजच्या पद्धतीने नव्याने लिहावे लागले असते आणि त्याचा अंदाज सहा आठवड्यांचा निघाला. शिवाय 'पुढची नोंद'ला कंट्रोल-एन ही कळजोडी होती, आणि कंट्रोल-एन, कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू या जोड्या मोठे ब्राउझर पानांच्या हाती देत नाहीत. वर्षानुवर्षांची बोटांची सवय मोडणे हा खर्च कागदावर दिसत नाही, पण असतो.

दोन: याच शाखेची ताजी आवृत्ती चढवणे. एका संगणकावर करून पाहिले. पांढरे पान गेले, अडकणे तसेच राहिले. उपाय म्हणून हे अपुरे होते, पण तीन दोष खरोखर स्वतंत्र आहेत याची खात्री या एका प्रयोगाने दिली.

तीन: प्रत्येक दोष त्याच्या जागी दुरुस्त करणे, आणि स्थलांतर सवडीने करणे. हाच पर्याय निवडला.

सर्वाधिक वाद झाला तो सेशनस्टोअरच्या एका सेटिंगवर. 'ब्राउझर.सेशनस्टोअर.प्रायव्हसी_लेव्हल' २ केले की फॉर्म आणि सेशन-स्टोरेज फाइलमध्ये जातच नाहीत, अडकणे दोन मिनिटांत संपते. पण मग क्रॅश झाल्यावर अर्धवट नोंद परत येत नाही. क्रॅश अजून चालू असताना जाळी काढून टाकण्यासारखे ते झाले असते. म्हणून आधी क्रॅश, मग अडकणे असा क्रम ठरला. तक्रारींची संख्या पाहता क्रम उलटा असायला हवा होता, पण अडकण्यात वेळ जातो, क्रॅशमध्ये लिहिलेले जाते.

केलेली कारवाई

प्रथम प्रत्येक प्रोफाइलची पूर्ण प्रत, ब्राउझर बंद करून, वेगळ्या जागी ठेवली. मग वीस संगणकांवर ६४-बिट ब्राउझर चढवला. प्रोफाइल तेच चालले, एक्स्टेन्शनही चालले. लेबलांचे दोन संगणक ३२-बिटवरच ठेवले. तिथे दुपारी ब्राउझर बंद करून उघडायचा नियम केला आणि स्कॅनचे काम तिथून काढले.

त्याच आठवड्यात विकासकाने ब्लॉब-यूआरएल मोकळी करणारी ओळ घातली. ६४-बिटमुळे छत उंचावले होते, गळती थांबली नव्हती. नुसत्या पहिल्या उपायावर थांबलो असतो, तर ८ जीबी रॅमचे संगणक संध्याकाळी डिस्कवर घासत बसले असते.

अडकण्यावर तात्पुरता उपाय म्हणून बचतीचे अंतर ६०,००० मिलिसेकंद आणि बंद टॅबांची मर्यादा दहावरून दोन केली. फाइल १७ एमबीवर आली, अडकणे मिनिटाला एकदा आणि निम्म्या वेळाचे झाले. कायमचा उपाय सूचीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता: चित्र इंडेक्स्ड-डीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या डेटाबेसमध्ये, हलवले, जे सेशनच्या फाइलमध्ये उतरत नाही, आणि मसुदा दर ३० सेकंदांनी सर्व्हरवर जाऊ लागला. त्यानंतर अंतर पुन्हा पंधरा सेकंद केले.

यूजर-एजंटचे सोंग काढले, गरज होती तिथे फक्त त्या एका संकेतस्थळापुरते ठेवले. सर्व्हरकडच्या बांधणीचे लक्ष्यही ईएस-२०१७ वर, म्हणजे २०१७ च्या जावास्क्रिप्टच्या व्याकरणावर, आणले, म्हणजे कोणाला कोणती फाइल द्यायची हा प्रश्नच उरला नाही.

जाता जाता एक कुंपण घातले. पीएसी फाइल (कोणत्या पत्त्याला कशी जोडणी द्यायची ते ब्राउझरला सांगणारी) लावून जुना ब्राउझर फक्त सूचीच्या सर्व्हरपर्यंतच पोचेल असे केले. बाहेरचे सगळे पाहायला चालू मोठा ब्राउझर दिला. मोजक्या माणसांनी चालवलेल्या शाखेत सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण किती लवकर येतील याचा भरवसा धरून चालत नाही.

परिणाम

बदलांनंतर पुन्हा दोन आठवडे तोच कागद ठेवला. अख्खे पांढरे पान एकदाही नाही. कोसळण्याच्या दोन नोंदी आल्या, दोन्ही लेबलांच्या संगणकांवर आणि दोन्ही दुपारचा नियम चुकलेल्या दिवशी. अक्षरे थांबण्याच्या नोंदी इंडेक्स्ड-डीबीचा बदल चढला त्या दिवसापर्यंत कमी प्रमाणात येत राहिल्या, नंतर थांबल्या. सेशनस्टोअरची फाइल चारशे ते सहाशे केबीच्या दरम्यान राहते.

वेगळे काय करता आले असते

प्रोफाइल पुसण्याआधी फोल्डरचे नुसते नाव बदलले असते, तर ३० एमबीची फाइल पहिल्याच दिवशी हाती असती. फोल्डरमधल्या फाइली आकाराप्रमाणे लावून पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

३२-बिट की ६४-बिट हे पहिल्या तासात पाहायला हवे होते. कोणीही पाहिले नाही, कारण विंडोज ६४-बिट आहे हे सगळ्यांना माहीत होते.

सूचीच्या विकासकाला चौथ्या आठवड्यात बोलावले, तेही 'ब्राउझरचा दोष नाही ना, एवढे सांगा' म्हणून. तिन्ही दोषांचा धागा त्याच्या नव्या आवृत्तीपर्यंत जात होता, पण तिन्ही उघडे पडले ते जुन्या ब्राउझरच्या मर्यादांमुळे. बहुप्रोसेस ६४-बिट ब्राउझरमध्ये तीच गळती महिनोन् महिने कोणाच्या लक्षात आली नसती. प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ती जुन्या ब्राउझरमध्ये एक पूर्ण दिवस चालवून 'अबाउट:मेमरी'चे सकाळ-संध्याकाळचे आकडे ताडून पाहण्याची पद्धत आता सुरू झाली आहे.

वेबएक्स्टेन्शनचे काम निम्मे झाले आहे. कंट्रोल-एनच्या जागी एफ-८ ठेवली आहे आणि बोटांना सवय व्हावी म्हणून जुन्या एक्स्टेन्शनमध्येही ती आत्तापासूनच चालू केली आहे. लेबलांच्या दोन संगणकांचा तिढा मात्र तसाच आहे. तिथे अडते ते छपाई यंत्रापाशी, आणि ते बदलेपर्यंत दुपारी ब्राउझर बंद करायचा कागद पडद्याच्या कडेला चिकटवलेला राहील.